दोन सखू : हंसा वाडकर यांची जीवनकथा

माणसाचे नाव म्हणजे त्याची ओळख, असे आपण सहज म्हणतो. पण ही गोष्ट आपल्याकडे पुरुषांना जितकी लागू पडते तितकी स्त्रियांना पडत नाही. बारशाला आत्या कानात एक नाव सांगते. पुढे लग्नात ताटभर तांदळात अंगठीने दुसरे नाव लिहिले जाते, सगळे हसतात, उखाणा होतो आणि पहिले नाव माहेरच्या उंबऱ्यावर राहून जाते. नटीला तर याहूनही अधिक नावे घ्यावी लागतात. दर चित्रपटात नवे नाव, नवे कुंकू, नवा संसार. मग दिवे विझल्यावर आरशासमोर जी बाई उरते ती यांपैकी कोण? हा प्रश्न जिच्या साऱ्या आयुष्याला व्यापून राहिला, अशा एका अभिनेत्रीची ओळख माझ्या वर्गबंधुभगिनींना करून द्यावी, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

त्यांचे नाव हंसा वाडकर. आज हे नाव आमच्या पिढीत फारसे कोणाला ठाऊक नाही. मलाही ते ठाऊक नव्हते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात 'सांगत्ये ऐका' हे त्यांचे आत्मकथन हाती लागले, आणि मग त्यांच्या चित्रपटांचा शोध सुरू झाला.

हंसाबाईंचे जन्मनाव रतन साळगावकर. जन्म मुंबईचा, घराणे सावंतवाडीकडचे. आजी-पणजीच्या पिढ्यांकडे पाहिले तर कलावंतिणींचा वारसा दिसतो. घरात गाणे होते, आणि त्या गाण्यापायी समाजाने ठेवलेली नावेही होती. त्या वाटेवरून हे घराणे संसाराच्या वाटेला लागू पाहत होते. पण वडिलांना दारूचे व्यसन आणि घरात पैशाची ओढाताण. घराला मिळवते माणूस हवे होते. ते माणूस म्हणजे शाळेत जाणारी ही मुलगी, असे ठरले.

काळही तसाच होता. १९३१ साली 'आलम आरा' आला आणि आपला चित्रपट बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला. बोलपटाला गाणाऱ्या, शुद्ध बोलणाऱ्या मुली हव्या होत्या. दुर्गा खोटे यांच्यासारख्या प्रतिष्ठित घरातल्या सुशिक्षित बाईने चेहऱ्याला रंग लावला, याचे केवढे नवल त्या काळी झाले! अशा सन्मान्य अपवादांच्या मागे मात्र पोटासाठी आलेल्या कितीतरी मुली होत्या. १९३६ साली 'विजयाची लग्ने' या चित्रपटातून रतन पडद्यावर आली तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. पडद्यावर रतन साळगावकर हे नाव मात्र आलेच नाही. तेथे झळकले हंसा वाडकर. म्हणजे बाहुल्या खेळण्याच्या वयातच तिच्या नावाचा पहिला पालट झाला, आणि तोही कोणत्याही लग्नाआधी.

पुढे ती बॉम्बे टॉकीजमध्ये गेली. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली उभी केलेली ही संस्था आपल्या उपनगरातच, मालाडला होती. तेथे जर्मन तंत्रज्ञ होते, वक्तशीरपणा होता, महिन्याचा पगार होता. १९३९ च्या 'नवजीवन' या हिंदी चित्रपटात ती नायिका झाली. मालाडच्या गाड्यांची गर्दी आज पाहिली म्हणजे त्या काळच्या मोकळ्या मालाडात कामाला जाणारी ही कोवळी मुलगी डोळ्यांसमोर आणणे कठीण जाते. पण कामावरून परत येणाऱ्या मुलीची वाट कोण पाहते आणि तिच्या पगाराची वाट कोण पाहते, हा भेद तेव्हाही होता आणि आजही आहे.

पंधरा-सोळा वर्षांच्या वयात तिचे लग्न झाले. नवरा, बांदरकर, घरच्या ओळखीतला आणि वयाने बराच मोठा होता. लग्न झाल्यावर काम सोडावे, स्वयंपाक करावा, मुले वाढवावीत, हे तिचे स्वप्न होते. आपल्यासारख्यांना हे स्वप्न जुनाट वाटेल. आम्ही घराबाहेर पडायचे स्वप्न पाहतो. ती घरात शिरायचे पाहत होती. पण ते घर तिच्याच कमाईवर चालत होते. आधी आईचे घर चालले, आता नवऱ्याचे चालू लागले. काम सोडण्याचा विषय निघे, तो पुढे ढकलला जाई आणि नवा करार होई. नवरा तिचे व्यवहार पाही आणि तिच्यावर संशयही घेई. ज्या कामाला तो स्वतः पाठवी त्याच कामाबद्दल घरी आल्यावर तिला जाब द्यावा लागे.

याच काळात, १९४१ साली, प्रभातचा 'संत सखू' पडद्यावर आला. 'संत तुकाराम' आणि 'संत ज्ञानेश्वर' यांनंतर दामले-फत्तेलाल यांच्या परंपरेतला हा संतपट, आणि सखूची भूमिका हंसाबाईंची. त्यांच्या आयुष्याकडे पाहण्याची किल्ली मला याच चित्रपटात सापडली, म्हणून येथे थोडे थांबते.

सखूची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. कऱ्हाडची ही सून. सासू छळणारी, नवरा आईच्या शब्दाबाहेर नसणारा. कृष्णेच्या घाटावर पाणी भरताना वारकऱ्यांची दिंडी दिसते आणि सखू घागर टाकून पंढरीला निघते. तिला ओढून परत आणतात आणि खांबाला बांधून ठेवतात. मग साक्षात विठ्ठल बाईचे रूप घेऊन येतो, तिचे दोर सोडतो आणि तिच्या जागी स्वतःला बांधून घेतो. खरी सखू पंढरीला जाते. घरात खोटी सखू दळते, कांडते, पाणी भरते, सासूचे पाय चेपते. इतके चोख काम होते की सासरची मंडळी खूश होऊन जातात. इकडे खरी सखू देवाच्या पायाशी प्राण सोडते. आता देवाने सून होऊन राहायचे किती दिवस? तेव्हा रुक्मिणी सखूला पुन्हा जिवंत करते आणि घरी धाडते. एका चेहऱ्याच्या दोन सखू! लहानपणी ऐकताना ही गोष्ट स्वप्नासारखी वाटते, आणि पडद्यावर तर ती स्वप्नासारखीच दिसते.

भक्तीच्या दृष्टीने या कथेचा अर्थ उघड आहे. पण मला त्यात दुसरेही काही दिसले. घरात सून बदलली तरी घराला ते कळले नाही! कळणार तरी कसे? त्या घराला सखू हवीच कुठे होती? हवे होते ते सखूचे काम. ते चोख झाले म्हणजे खांबाला बांधलेली बाई कोण आहे याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हते. हंसाबाईंच्या घराचेही असेच नव्हते काय? रोज सकाळी हंसा वाडकर स्टुडिओत जात होती आणि पैसे आणत होती. रतन कुठे आहे, जिवंत आहे की नाही, हे कोणी विचारल्याचे दिसत नाही. फरक एवढाच की, सखूच्या जागी उभे राहायला देव आला. रतनच्या जागी रतनलाच दुसरे नाव घेऊन उभे राहावे लागले.

१९४४ च्या 'रामशास्त्री'त त्या होत्या. मग १९४७ साली राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' आला. सोलापूरचा ब्राह्मण कवी तमाशाच्या फडात शिरतो आणि जातीने बहिष्कृत होतो, त्याची ही कथा. जयराम शिलेदार रामजोशी झाले आणि हंसाबाई बया झाल्या. या चित्रपटाने मराठीत तमाशापटांची लाट आणली. सहा वर्षांपूर्वी ज्या चेहऱ्यावर तुळशीमाळेची छाया होती त्याच चेहऱ्यावर आता फडावरच्या बाईची ठसकेबाज नजर आली, आणि प्रेक्षकांनी दोन्ही खरे मानले! संत आणि तमासगीर ही आपल्या समाजाने स्त्रीसाठी आखलेली दोन टोके. या दोन टोकांमधली साधी बाई मात्र पडद्यावर कोणी मागितली नाही, आणि घरीही नाही. १९५० साली राजा परांजपे यांच्या 'पुढचं पाऊल'मध्ये पु. ल. देशपांडे यांच्याबरोबर त्या दिसल्या. तोवर मराठी चित्रपटातले त्यांचे स्थान निश्चित झाले होते.

पडद्यावर पाऊल पुढे पडत असताना घरातले मात्र मागे येत होते. संसार मोडत होता, दारू जवळ आली होती. एकदा त्या भांडून घराबाहेर पडल्या आणि एका ओळखीच्या गृहस्थाबरोबर मराठवाड्यातल्या एका गावी गेल्या. तेथे गेल्यावर कळले की या घरात आधीच दोन बायका आहेत. या तिसऱ्या झाल्या. सुमारे तीन वर्षे त्या त्या घरात राहिल्या. डोईवर पदर, बाहेर पडायला बंदी, भोवती शेतीचा आणि माणसांचा मोठा राबता. ज्या चेहऱ्याला साऱ्या महाराष्ट्राने पाहिले होते तो आता गावातल्या कोणालाही दिसत नव्हता. घरात शिरायचे जे स्वप्न त्यांनी पाहिले होते ते असे पुरे झाले! घर मिळाले, चूल मिळाली, पण दाराला आतून कडी लावायची मुभा नव्हती. ती बाहेरून लागलेली होती.

शेवटी त्यांनी गुपचूप नवऱ्याला पत्र पाठवले. तो पोलीस घेऊन आला आणि सुटका झाली. पण सुटकेचे कागद ज्या अधिकाऱ्यापुढे व्हायचे त्यानेच त्यांच्यावर अत्याचार केला, असे त्यांनी आत्मकथनात सांगितले आहे. त्या काळच्या बाईने हे छापील पुस्तकात सांगावे, याला केवढे धैर्य लागले असेल! ते वाचून मी पुस्तक मिटून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुढे वाचले. खांबाचे दोर सोडायला जो आला त्याने मोल मागितले. देव आणि माणूस यांतले अंतर दाखवायला याहून वेगळा दाखला नको.

मुंबईला परतल्यावर पुन्हा रंग, पुन्हा दिवे. १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला. कथा तमाशाची, गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत पवारांचे. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो १३१ आठवडे चालला. यात नाचणारी नायिका होती जयश्री गडकर. हंसाबाई आता आधीच्या पिढीच्या बाई झाल्या होत्या. नवी मुलगी पुढे नाचते आहे आणि आपण मागे उभ्या आहोत, हा क्षण प्रत्येक नटीला येतो. त्यांनी तो पडद्यावर उभा केला.

यानंतरची वर्षे उतरणीची. पैसा राहिला नाही, प्रकृती राहिली नाही. नट राजन जावळे यांनी अखेरच्या काळात त्यांना साथ दिली. याच काळात तरुण पत्रकार अरुण साधू त्यांच्याकडे गेले. हंसाबाई सांगत गेल्या आणि साधूंनी शब्द टिपले. हे कथन 'माणूस'मधून वाचकांपुढे आले आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने त्याचे पुस्तक केले. आपल्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटाचेच नाव बाईंनी आपल्या आयुष्याला दिले. पुढच्याच वर्षी, १९७१ साली, त्यांचे निधन झाले. त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.

पण कथा येथे संपत नाही. सखू मेली तरी पुन्हा उठते, तसे काहीसे येथे घडले. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी या आत्मकथनाच्या आधारे 'भूमिका' हा हिंदी चित्रपट काढला. पटकथेत त्यांच्याबरोबर गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे होते, छायाचित्रण गोविंद निहलानींचे. नायिका झाली स्मिता पाटील. तेव्हा ती विशी नुकतीच ओलांडलेली होती. या भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटातल्या बाईचे नाव आहे उषा, आणि पडद्यावरचे नाव उर्वशी. म्हणजे रतनची हंसा झाली होती, आता हंसाची उषा झाली आणि उषाची उर्वशी!

हा चित्रपट मी मोबाईलवर पाहिला, माहुलच्या आमच्या २२५ चौरस फुटांच्या खोलीत, सगळे झोपल्यावर. बाहेर रिफायनरीच्या चिमणीवरची ज्योत हलत होती आणि पडद्यावर एका बाईची अनेक आयुष्ये एकमेकींत मिसळत होती. वर्तमान रंगीत आणि गतकाळ कृष्णधवल, अशी त्याची मांडणी आहे. तमाशाच्या नाचाचे चित्रीकरण चाललेले असते. पाहता पाहता रंग ओसरतात आणि एक लहान मुलगी कोंबडीमागे धावताना दिसते. स्वप्नात जसे एका दारातून शिरावे आणि भलत्याच घरात निघावे, तशी उषा एका पुरुषाच्या घरातून दुसऱ्याच्या घरात जाते. प्रत्येक घरात ती वेगळी दिसते, वेगळी बोलते. श्रीमंत काळ्यांच्या घरात ती थोरली गृहिणी म्हणून वावरते, आणि तेथल्या लहान मुलाला जत्रेला न्यायचे म्हणते तेव्हा तिला कळते की आपल्याला दाराबाहेर पाऊल टाकता येणार नाही. सखूला पंढरीला जायची बंदी, उषाला गावच्या जत्रेला! शेवटी मोठी झालेली मुलगी तिला आपल्या घरी राहायला बोलावते, तीही नाही म्हणून ती एकटी राहते.

आश्चर्य असे की त्याच १९७७ साली अमेरिकेत रॉबर्ट ऑल्टमन या दिग्दर्शकाचा 'थ्री विमेन' हा चित्रपट आला. दिग्दर्शकाला पडलेल्या स्वप्नातून तो सुचला होता. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या गावात तीन स्त्रियांची व्यक्तिमत्त्वे हळूहळू एकमेकींत शिरतात, एक दुसरीचे नाव आणि वागणे उचलते. शेली डुव्हालला त्याबद्दल कान महोत्सवात पुरस्कार मिळाला. तेथे हे सारे गूढ म्हणून, स्वप्न म्हणून दाखवले आहे. आपल्याकडे बाईला दुसरी बाई होण्यासाठी स्वप्न पडावे लागत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात जावे लागते, एवढेच.

हे मला कसे कळले ते सांगितले पाहिजे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. प्रवेश अर्जात आईच्या नावाची चौकट होती. आईला विचारले तर तिने आमच्या घरातले नाव सांगितले, तेच मी लिहिले. पुढे कागदपत्रांच्या पिशवीत तिचा चौथीचा दाखला मिळाला. त्यावर वेगळेच नाव होते, वडिलांच्या आडनावासकट. त्या नावाच्या मुलीला गणितात चांगले गुण होते. तिचे काय झाले, हे मी आईला विचारू शकले नाही. ती पहाटे पाणी भरून, आमचे डबे करून दोन घरची पोळ्या-भाजीची कामे करायला जाते. तेथे तिला फक्त मावशी म्हणतात. आमच्या इमारतींत निरनिराळ्या वस्त्यांतून आणून वसवलेल्या अशा किती बाया आहेत! रेशनकार्डावर एक नाव, दाखल्यावर दुसरे आणि कामावर नावच नाही.

संत सखूची कथा मी आता निराळी वाचते. मी सकाळी बस पकडून कुर्ल्याकडे निघते, वर्गात बसते, ग्रंथालयात पुस्तके उघडते. ही माझी पंढरी. पण मी येथे आहे याचा अर्थ घरात माझ्या जागी कोणीतरी खांबाला बांधून घेतले आहे. तो देव नाही. ती चौथीत गणितात चांगले गुण मिळवलेली मुलगी आहे.

म्हणूनच हंसाबाईंचे मोठेपण मला त्यांच्या अभिनयापेक्षाही एका दुसऱ्या गोष्टीत वाटते. चूक आपली असो की दुसऱ्याची, त्यांनी काही झाकले नाही. दारू सांगितली, मोह सांगितला, मार सांगितला. लोकांच्या मनातल्या सखूला आणि बयेला धक्का बसेल म्हणून त्या थांबल्या नाहीत. त्यांचे आयुष्य कोणाला आदर्श म्हणून दाखवता येणार नाही. तरीही आदर्श म्हणून नेहमी सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ चरित्रांनी मला जे दिले नाही ते या चरित्राने दिले.

स्मिता पाटीलही १९८६ साली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली. हंसाबाईंच्या जागी उभी राहिलेली दुसरी सखूही अशी गेली. आता उरले आहेत काही चित्रपट आणि ते छोटेसे पुस्तक. मराठी व्याकरणाच्या तासाला आम्ही शिकलो की आपल्या क्रियापदाला लिंग असते. सांगत्ये हा शब्द बाईच उच्चारू शकते. त्यात रतन नाही, हंसा नाही, साळगावकर नाही, वाडकरही नाही. मी हे सर्वनामसुद्धा लिहावे लागत नाही. ते एक क्रियापद तेवढे आहे, आणि ते उच्चारणारी बाई त्यात पुरतेपणी आहे. इतकी नावे बदलून शेवटी हंसाबाईंना स्वतःची म्हणून जी ओळख सापडली, ती ही. ऐकायचे काम आपले आहे. आणि ते मला घरापासून सुरू करायचे आहे. आईला ते जुने नाव विचारून.

— द्वितीय वर्ष कला (मराठी)